मुंबईच्या चहातलं पावडरचं दूध

मुंबईच्या चहाबद्दल लिहिणारे इराण्याच्या संगमरवरी टेबलांबद्दल लिहितात, ‘पानी कम’ चहाबद्दल लिहितात, गिरणीची पाळी सुटली की भरून जाणाऱ्या हॉटेलांबद्दल लिहितात. कपातल्या दुधाबद्दल सहसा कुणी लिहीत नाही. मी वरळीच्या सरकारी डेअरीत, प्रयोगशाळेत नोकरी केली. दुधाची फॅट मोजण्यात माझं तारुण्य गेलं, म्हणून माझं लक्ष आधी दुधाकडे जातं. या शहराच्या चहातलं दूध कित्येक वर्षं सगळंच्या सगळं म्हशीच्या सडातून आलेलं नव्हतं. त्याचा मोठा भाग पोत्यातून आला होता. ‘पावडरचं दूध’ म्हणून लोकांनी त्याला नाकं मुरडली. माझ्या मते त्या दुधाचं या शहरावर मोठं ऋण आहे, आणि ते कुणीतरी नीट लिहून ठेवायला हवं.

त्याआधी मुंबईत दूध कुठून यायचं? तबेल्यांतून. म्हशी शहरातच, वस्तीच्या मधोमध बांधलेल्या असत. चांगली दुधाळ म्हैस गावाकडून विकत आणायची, एक वेत दूध काढायचं आणि आटली की विकून टाकायची. शहरात जागा महाग, वैरण महाग, आटलेलं जनावर पुढच्या वेतापर्यंत पोसणं गवळ्याला परवडत नसे. त्यामुळे देशातल्या उत्तम म्हशींपैकी कित्येक मुंबईत आल्या आणि एकाच वेतानंतर कसायाकडे गेल्या. पारडं तर त्याआधीच उपाशी मरायचं. दुधात पाणी पडायचं ते निराळंच, आणि ते पाणी कुठलं हे विचारण्यात अर्थ नसायचा. वर्गीस कुरियन यांनी आपल्या आठवणींत एक किस्सा सांगितला आहे. मुंबईच्या दुधाचा नमुना तपासणीसाठी लंडनला गेला, तेव्हा तो तिथल्या गटाराच्या पाण्याहूनही घाण निघाला. किस्सा रंगवलेला असेल, पण माझ्या आधीच्या पिढीतल्या केमिस्टांकडून तबेल्याच्या दुधाबद्दल जे ऐकलं, त्यानंतर मला तो अशक्य वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धात मुंबईची वस्ती फुगली आणि दुधाची ओढ असह्य झाली. तेव्हा सरकारनं बाहेरून दूध आणायचं ठरवलं. १९४५ साली खेडा जिल्ह्यातून, आणंदहून, मुंबईला दूध आणायचं काम पोल्सन कंपनीला मिळालं. पोल्सन म्हटलं की आपल्याला लोणी आठवतं, पण या पारशी घराण्याची सुरुवात मुंबईत कॉफी दळून विकण्यापासून झाली होती. लोण्याचा धंदा नंतरचा, आणि आणंदची डेअरी १९३०च्या सुमाराची. आणंद ते मुंबई अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या लांबून, उकाड्यात, दूध न नासता येऊ शकतं हे तेव्हा पहिल्यांदा सिद्ध झालं. पैसा मात्र मधल्यांच्या खिशात राहिला. खेड्याच्या शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घालायचं बंद केलं, आणि त्यातूनच १४ डिसेंबर १९४६ ला त्यांचा सहकारी संघ नोंदला गेला. पुढे तो अमूल झाला. ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्याच शेजारी मुंबईत घडत असलेली दुसरी कथा फारशी कुणाला ठाऊक नाही.

दारा नसरवानजी खुरोडी हा माणूस त्या कथेच्या मध्यावर आहे. जन्म १९०६ चा, महूचा. मुंबई राज्याचे दूध आयुक्त. त्यांच्यापुढचा प्रश्न हिशेबाचा होता. म्हशीचं दूध थोडं आणि महाग, पण त्यात फॅट भरपूर. चहा पिणारी, लेकरं वाढवणारी माणसं मात्र लाखांनी. दुधात पाणी घालून ते वाढवता येतं, हे तर प्रत्येक गवळ्याला माहीत होतं. मग खुरोडींनी वेगळं काय केलं, ते आकड्यांतच सांगते.

एक किलो म्हशीचं दूध घ्या. त्यात सहा टक्के फॅट आणि नऊ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घनपदार्थ: प्रथिनं, दुधातली साखर, खनिजं. एवढंच पाणी घातलंत तर दोन किलो होईल. फॅट तीन टक्के राहील, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळपास, वाईट नाही. एसएनएफ मात्र साडेचारवर येईल, आणि ते दूध राहणार नाही, धुवण राहील. आता त्यात ऐंशीपंच्याऐंशी ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर विरघळवा. एसएनएफ पुन्हा साडेआठवर येतं. मग हे दोन किलो पाश्चराइज करून, बाटलीत भरून, उघडपणे, कमी भावानं विका. १९४६ साली मुंबईत हे सुरू झालं. त्याचं नाव टोन्ड दूध. आज देशभर पिशव्यांवर छापलेलं दिसतं ते तीन टक्के फॅट आणि साडेआठ टक्के एसएनएफचं प्रमाण इथलं आहे. इथून ते कलकत्त्याला गेलं, दिल्लीला गेलं, मद्रासला गेलं.

या मिश्रणात मला सर्वांत मोठी वाटते ती त्यातली उघडपणाची गोष्ट. भेसळ करणारा गवळी दूध वाढवतो आणि लपवतो. खुरोडींनी दूध वाढवलं, त्यात जे कमी पडलं ते पावडरनं परत भरून दिलं, आणि बाटलीच्या टोपणावरूनच कळेल की हे ‘होल’ नाही, ‘टोन्ड’ आहे, अशी व्यवस्था केली. भाव त्याप्रमाणे ठेवला. चाळीतल्या बाईला आपण काय विकत घेतोय ते माहीत होतं.

लालबागला आमच्या चाळीत दोन्ही प्रकार येत. होल एखाद्याच बिऱ्हाडात, बाकी सगळ्यांकडे टोन्ड. माझ्या आजीचा टोन्डवर राग होता, कारण त्यावर साय धरत नसे. साय नाही म्हणजे विरजण नाही, लोणी नाही, तूप नाही. तिच्या हिशेबात दुधाची निम्मी किंमत तिथेच गेली. आई म्हणायची, “चहाला साय कशाला लागते?” वडील रात्रपाळी करून आले की आई त्यांच्यापुढे मोठा कप ठेवायची. तो कप भरेल एवढं दूध घरात असणं हे तिच्या दृष्टीनं पुरेसं होतं. त्यावरून सासूसुनांचं रोज थोडं वाजायचं. आज विचार केला तर दोघींचंही खरं होतं. आजी ज्या घरात वाढली तिथे दूध म्हणजे पुढच्या पाच पदार्थांचा कच्चा माल. आईला ते चहात आणि पोराच्या पेल्यात हवं होतं, महिनाअखेरीसुद्धा.

दुधाचं कार्ड हा तेव्हा घरातला जपून ठेवायचा ऐवज होता. कार्ड असेल तर दूध, नसेल तर नाव नोंदवा आणि थांबा. पहाटे अंधारात सरकारच्या आरे दूध केंद्रापुढे रांग लागे, रिकाम्या बाटल्यांचा किणकिणाट सुरू असे, आणि केंद्रावर बहुतेकदा कॉलेजात शिकणारी मुलंमुली असत. सकाळचं हे काम करून त्यांची फी भागे. हीसुद्धा खुरोडींच्या योजनेतलीच गोष्ट. मी स्वतः एका केंद्रावर काम करून बी.एस्सी. झाले, म्हणून सांगते, त्या पैशांवर मुंबईतल्या पुष्कळ मुली शिकल्या.

शहरातल्या म्हशी बाहेर न्यायच्या म्हणून १९४९ साली गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली. सुमारे १,२८७ हेक्टर जमीन, डोंगरउतार, गवताची कुरणं, क्रमांक दिलेली युनिटं आणि त्यांत जवळपास सोळा हजार जनावरं. तिथल्या डेअरीचं उद्घाटन ४ मार्च १९५१ ला पंडित नेहरूंनी केलं. आरेचं जंगल, आरेची कारशेड हे आजचे वाद ऐकताना या जमिनीचा पहिला उपयोग मुंबईच्या चहासाठी झाला होता हे कुणाच्या बोलण्यात येत नाही.

मुंबईची म्हैस गोरेगावला गेली, पण पावडर कुठून यायची? समुद्रापलीकडून. न्यूझीलंडची, अमेरिकेची. इथूनच खुरोडी आणि आणंदच्या संघाचा कारभार पाहणारे कुरियन यांचं बिनसलं. कारण समजायला दुधाचं वर्ष समजून घ्यावं लागतं. पावसाळ्यानंतर म्हशी वितात, आणि थंडीत दूध इतकं येतं की उन्हाळ्याच्या दुप्पट. आमच्या खात्यात त्याला पुष्टकाळ म्हणत आणि उन्हाळ्याला कृशकाळ. मुंबईची तहान मात्र बाराही महिने सारखीच. थंडीत आणंदला दुधाचा लोट येई, आणि मुंबई म्हणे आम्हाला एवढं नको. शेतकऱ्यानं ते दूध करायचं काय? आणि त्याच वेळी मुंबई परदेशी पावडर विकत घेऊन टोन्ड करत होती. ती स्वस्त पडत होती. कुरियन यांना हे सहन होत नसे. खेड्याच्या शेतकऱ्याचं दूध मुंबईनं आधी घ्यावं, पावडर नंतर, असं ते भांडून सांगत. खुरोडींचं उत्तर असं की माझं काम गिऱ्हाइकाला परवडेल असं दूध देणं. मी नोकरी केली ती खुरोडींनी घालून दिलेल्या घडीत, आणि तरी या भांडणात मी कुरियन यांच्या बाजूची आहे. परदेशी पोत्यावर शहराची सकाळ कायमची टांगून ठेवणं बरोबर नव्हतं. पण खुरोडींना खलनायक करून ही गोष्ट सांगतात, ते मला पटत नाही. त्यांनी आधी मुंबईला स्वच्छ दुधाची सवय लावली, म्हणून तर आणंदच्या दुधाला गिऱ्हाईक तयार होतं.

या कोंडीतून वाट निघाली ती तंत्रानं. थंडीतलं जास्तीचं दूध वाळवून ठेवलं तर तेच उन्हाळ्यात कामाला येईल. अडचण एवढीच की जगातले तज्ज्ञ म्हणत होते, म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही. त्यांची यंत्रं गाईच्या दुधावर चालवलेली होती. पावडर करायची तर दूध आधी निर्वात भांड्यात आटवायचं, मग गरगर फिरणाऱ्या चकतीवरून त्याचा तुषार गरम हवेत उडवायचा. थेंब खाली पडेपर्यंत त्याचं पाणी उडून जातं आणि तळाला पावडर साठते. म्हशीच्या दुधात केसिन जास्त, कॅल्शियम जास्त, ते आटवताना घट्ट होतं आणि साकळतं. हरिचंद मेघा दलाया या कुरियन यांच्या सहकाऱ्यानं ते जमवून दाखवलं. आणंदचा कारखाना युनिसेफ आणि न्यूझीलंड सरकारच्या मदतीनं उभा राहिला आणि ३१ ऑक्टोबर १९५५ ला, सरदार पटेलांच्या जयंतीला, नेहरूंनी तो सुरू केला. ज्या न्यूझीलंडची पावडर मुंबईत येत होती, त्याच देशाच्या मदतीनं ती बाहेरून आणायची गरज कमी करणारा कारखाना झाला, हे मला फार विलक्षण वाटतं. १९६३ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो खुरोडी, कुरियन आणि आणंदच्या संघाचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून. पुरस्कार देणाऱ्यांनी भांडणाच्या दोन्ही बाजूंना एकाच मानात बसवलं.

मी नोकरीला लागले ती दूध महापूर योजनेच्या दिवसांत. १९७० पासून युरोपातून जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत पावडर आणि बटर ऑइल भेट म्हणून येऊ लागलं. पहिल्या टप्प्यासाठी ठरलेले आकडे मला अजून पाठ आहेत: १,२६,००० टन पावडर आणि ४२,००० टन बटर ऑइल. भेट फुकट वाटायची नाही, त्याचं दूध करून शहरात विकायचं आणि त्या पैशातून गावोगाव दुधाचं संकलन उभं करायचं, ही कुरियन यांची अट. मुंबईतल्या चहाच्या प्रत्येक कपानं अशा रीतीनं कुठल्या तरी खेड्यातल्या शीतकरण केंद्राला वीट लावली.

ते दूध बनताना मी रोज पाहिलं आहे. पंचवीस किलोची जाड कागदी पोती, आत प्लास्टिकची पिशवी. पोतं फोडलं की पांढरी धूळ उडे, कामगारांच्या पापण्या आणि मिश्या पांढऱ्या होत. पाणी चाळीस-पंचेचाळीस अंशांवर धरायचं, त्याहून थंड असेल तर गुठळ्या होतात. नरसाळ्यातून पावडर पाण्याच्या धारेत सोडायची. बटर ऑइलचे पिंप वाफेनं वितळवायचे, ते सोनेरी तेल त्यात सोडायचं आणि सगळं होमोजिनायझरमधून दाबानं काढायचं, म्हणजे फॅटचे थेंब इतके बारीक होतात की वर तरंगून येत नाहीत. आजीच्या सायीचं काय झालं, ते मला तिथे कळलं! मग पाश्चरायझर, मग बाटल्या. आमच्या टेबलावर नमुने येत. गर्बर पद्धतीनं फॅट, लॅक्टोमीटरनं एसएनएफ, मिथिलीन ब्ल्यूनं शिळेपणा, फॉस्फटेजनं पाश्चरायझेशन नीट झालं की नाही ते. कृशकाळात पावडरीचं प्रमाण वाढे, आणि मे महिन्यात दुधाला तो ओळखू येणारा शिजका वास येई. जुन्या पोत्यातल्या पावडरीला तर पुठ्ठ्यासारखा. लोकांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. आम्ही आमच्या परीनं पोती पालटून, ताज्या दुधाचं प्रमाण सांभाळून तो वास कमी करायचा प्रयत्न करायचो.

चहात मात्र हे दूध चांगलं वागे, त्याचं कारण रसायनात आहे. चहा पांढुरका दिसतो तो दुधातल्या फॅटच्या आणि केसिनच्या कणांवरून उजेड विखुरतो म्हणून. चहाचा तुरटपणा कमी होतो तो केसिन चहातल्या टॅनिनला धरून ठेवतं म्हणून. आपण तर चहा दुधासकट उकळतो, त्यामुळे हे धरून ठेवणं पुरेपूर होतं. टोन्ड दुधात फॅट निम्मी असली तरी केसिन पूर्ण होतं, कारण पावडरनं तेच तर भरून दिलं होतं. म्हणून त्याचा चहा पातळ लागला तरी तुरट लागला नाही. दाट चहा हवा असणारा हॉटेलवाला तबेल्याचं दूध मागवतच राहिला. मुंबईतले तबेले आरेनंतरही संपले नाहीत, त्यातलं एक कारण हा दाट चहा.

पुढे गावाकडचं दूध वाढलं. कोल्हापूरचा संघ १९६३ चा, वारणेचा त्यानंतर पाच वर्षांनी. राज्यभर संकरित गाई आल्या, पिशवी आली, काचेची बाटली गेली. कार्डाची किंमत संपली.

पावडर मात्र घरात आली, वेगळ्या वेशात. ‘डेअरी व्हाइटनर’. अमूल्या म्हणा, एव्हरीडे म्हणा, दुधाचीच पावडर, फॅटही दुधाचीच, त्यात साखर घातलेली आणि गरम पाण्यात पटकन विरघळेल अशी केलेली. ऑफिसातल्या कपाटात, हॉस्टेलवर, प्रवासाच्या थैलीत तिनं जागा केली. माझी तिच्याबद्दल काही तक्रार नाही. ती बाळाच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही, एवढं मात्र मी शेजारपाजारच्या सुनांना आवर्जून सांगत आले.

दुसरी एक पावडर आहे, तिचं घराणं अमेरिकेचं. तिथे १९५२ साली ‘प्रीम’ नावाची सायीची पावडर आली. ती कॉफीत नीट विरघळत नसे. १९६१ साली कार्नेशन कंपनीनं ‘कॉफी-मेट’ काढली, त्यात दुधाची फॅट नव्हतीच. खोबऱ्याचं किंवा पामचं तेल, मक्यापासून काढलेली साखर आणि सोडियम केसिनेट. केसिनेट हे दुधातूनच काढलेलं प्रथिन, आणि तरी वेष्टनावर ‘नॉन-डेअरी’. ज्याला दुधाची ॲलर्जी आहे त्यानं ही गोष्ट लक्षात ठेवावी. कॉफी आंबट असते. गरम आंबट द्रवात दुधाचं प्रथिन फाटतं आणि वर पांढऱ्या पिसांसारखे तुकडे तरंगतात. ते होऊ नये म्हणून या पावडरीत फॉस्फेटचा क्षार घालतात. केमिस्ट म्हणून मी या युक्तीचं कौतुक करते. कॉफी काळीची तपकिरी होते, जिभेला स्निग्धपणा लागतो, महिनोन्महिने फ्रिज लागत नाही. ज्यांना दूध चालतच नाही त्यांच्यासाठी ओट किंवा सोयाची खरोखर दूधविरहित पेयं निघाली आहेत, तीही मला मान्य आहेत.

पण टोन्ड दुधात आणि या पावडरीत मला मूलभूत फरक दिसतो. खुरोडींनी दुधात जे कमी पडलं ते दुधातलंच परत घातलं. इथे रंग आणि स्निग्धपणा ठेवून बाकीचं दूध काढून टाकलंय. गिरणीतल्या माणसाच्या दिवसभराच्या प्रथिनांत चहातल्या दुधाचाही थोडा वाटा होता. आज बारा तासांची ड्युटी करणारा सुरक्षारक्षक मशीनचे पाच-सहा चहा पितो. त्यातल्या काही मशीनमध्ये दुधाची पावडर असते, काहींत वनस्पती तेलाची. तो पितो ते काय आहे हे त्याला कळायचा मार्ग नाही. वनस्पती तेलाच्या पदार्थाला दूध म्हणता येत नाही असा कायदा आपल्याकडे आहे, घटक छापावे लागतात हेही खरं. पण ते छापलेलं पाकीट मशीनच्या पोटात रिकामं होतं आणि कचऱ्यात जातं. पिणाऱ्याच्या हातात येतो फक्त कागदी कप.

मुंबईत बाटलीच्या टोपणावरून दूध कोणतं ते सांगायची पद्धत होती, तीही निरक्षर माणसाला कळेल अशा रंगाच्या खुणेनं. मग स्टेशनवरच्या, इस्पितळातल्या, ऑफिसातल्या प्रत्येक मशीनच्या दर्शनी बाजूला ‘यात दूध आहे’ किंवा ‘यात वनस्पती तेल आहे’ एवढी पाटी मराठीत लावायला काय हरकत आहे? मी भेटेल त्या मशीनवाल्याला हे विचारते आणि आतलं पाकीट दाखवायला सांगते. बहुतेक जण दाखवतात.